जिराफापुढे गप्प

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी ह्यांनी आणून दिली. म्हणाले, “घे. हिला हव्या तेवढ्या सूचना दे. उलट बोलणार नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही बोलता?”

“मी कुठे बोलतो? मी फक्त परत म्हणतो.”

विषय सकाळच्या बाजाराचा होता. कोबी एक, टोमॅटो अर्धा किलो, लिंबं सहा असं मी ह्यांना सांगितलं आणि सवयीने मीच म्हणाले, “परत सांगा.” शेजारचे काका जिन्यात होते, ते हसले. ह्यात हसण्यासारखं काय आहे? माझी सारी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये गेली. वर काचेत बसून विमानं उतरवायची, उडवायची, थांबवायची. तिथला पहिला नियम म्हणजे रीडबॅक. मी सूचना द्यायची आणि वैमानिकाने ती शब्दन्‌शब्द परत म्हणायची. परत म्हटली की नीट पोचली. माझ्या पाळीत एक विमान कधी चुकलं नाही. घरात मात्र लिंबं दर वेळी चुकतात.

दुपारी दोघी मैत्रिणी आल्या. एक भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं आणि मुख्य म्हणजे वेळेवर उठवलं. बोलते इतकं कमी आणि हळू, की मोठमोठे सर्जन हातातलं थांबवून कान द्यायचे. दुसरी वकीलबाई. ती आता कोर्टात जात नाही, त्यामुळे दूधवाल्याची उलटतपासणी घेते. कल्पना तिची. म्हणाली, “आपल्या ओळखीत किती बायका आहेत सांग, सगळं ऑफिस एकटीने ओढतात आणि मिटिंगमध्ये तोंडाला कुलूप. त्यांचाच मुद्दा शेजारचा उचलतो आणि वाहवा घेऊन जातो. आपल्याला कोणी काही शिकवलं नाही, धडपडत शिकलो. आपण शिकवू.”

मी ताबडतोब तयार झाले. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून मला कोणीही काही विचारलेलं नाही. बुधवार ठरला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल पहिली बैठक झाली. जागा वकीलबाईचं जुनं चेंबर, सायकलच्या दुकानावर. खाली कोणीतरी सारखी चाकातली हवा सोडत होतं. फुस्स आवाज आला की बोलणाऱ्या बाईला वाटे, हे आपल्यालाच.

पाच जणी आल्या. एक बँकेतली, एक शाळेची उपमुख्याध्यापिका, अशा. सगळ्यात शेवटी आलेली दाराशीच बसली, अर्धी खुर्चीवर, अर्धी बाहेर. प्राणिसंग्रहालयात दुय्यम पशुवैद्य आहे. अंगाला गवताचा वास. तिने नाव सांगितलं तेव्हाच खाली फुस्स झालं आणि परत विचारायचं राहून गेलं. मी तिला प्राणीडॉक्टर म्हणते.

मी सगळ्यांना रीडबॅक समजावून सांगितलं. अनुभवी बाई सांगेल, शिकणारी परत म्हणेल. आधी हसल्या, मग दहा मिनिटांत घोकू लागल्या. खोलीत कसा शिस्तीचा आवाज घुमला! भूलतज्ज्ञाच्या कपाळाला मात्र आठी होती. तिचं डोकं दुखत असावं.

कोणी कोणाला शिकवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. प्राणीडॉक्टर माझ्या वाट्याला आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पोरीत दम आहे. पोरगी कसली, चाळिशीला आली आहे, पण बसते शाळकरी मुलीसारखी. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतका वेळ घेते की मधल्या काळात माझा जीव वर-खाली होतो. टॉवरमध्ये रेडिओवर शांतता पसरली की समजायचं, काहीतरी बिघडलं. इथे काही बिघडलेलं नसतं. ती नुसती विचार करत असते! मग मीच उत्तर देऊन टाकते, वेळ वाचतो.

तिच्यासाठी काही शब्द बंद केले. “मला वाटतं”, “बहुतेक”, “जरा”, “चालेल का?” हे सगळे बाद. वाक्य आखूड. मान ताठ. हात मांडीवर. तिने सगळं बिनचूक परत म्हटलं. इतकी गुणी विद्यार्थिनी मला टॉवरमध्येही मिळाली नव्हती.

आणखी एक कळलं. तिचे वरिष्ठ, म्हणजे मोठे डॉक्टर, निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी एकोणीस मार्चला मुलाखत आहे. ती म्हणाली, “बाहेरून एक जण येणार म्हणतात. खूप छान बोलतात ते.” मी विचारलं, “आणि जनावरं कोणाला ओळखतात?” तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

मी म्हटलं, “तू अर्ज करायचा.”

“मी अर्ज करायचा,” ती म्हणाली.

ठरलं. असं चुटकीसरशी ठरवता आलं पाहिजे.

घरी आले तर स्वयंपाकघरभर पीठ. ह्यांनी पाव करायचं मनावर घेतलंय. भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस अचानक यीस्टबद्दल बोलू लागला की बायकोने काय समजायचं? आजचा पाव विटेसारखा होता. मी तसं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन आला होता. दोन शहरं पलीकडे असते, विमा कंपनीत. मी तिलाही आमच्या बुधवारचे फायदे सांगितले. म्हटलं, “तूही आता वरची जागा माग. साहेबांची वेळ घे, शुक्रवारी, जेवणाआधी. जेवल्यावर माणसं सुस्तावतात.”

“हो आई. शुक्रवारी, जेवणाआधी.”

“आणि निळा शर्ट घाल.”

“निळा शर्ट. बरं आई.”

किती समजूतदार झाली आहे. पूर्वी शब्दाला शब्द लावायची. मग ह्यांनी फोन घेतला आणि गच्चीत गेले. बराच वेळ तिथेच होते. काय बोलतात कोण जाणे, ह्यांच्याकडून तर नुसतं “हं... हं... मग?” एवढंच ऐकू येत होतं. मध्येच म्हणाले, “भट्टी कोणत्या कंपनीची?” विमा कंपनी आता भट्ट्यांचाही विमा उतरवते वाटतं.

आजचा पाव बरा. वरून कडक, आत ओला. तेही लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल बैठकीऐवजी मी तिच्या कामाची जागा पाहायला गेले. शिकवणाऱ्याने मैदान पाहिलेलं असावं.

मागच्या दाराने आत शिरलो. लोखंडी फाटक, चाऱ्याची गाडी, नळाखाली बादल्यांची उतरंड, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले रबरी बूट. तिथले कीपर तिला पाहताच उठले नाहीत की सलाम केला नाही, पण प्रत्येकाने येऊन काहीतरी सांगितलं. एकाने मगरीचं, एकाने माकडाच्या दाताचं. ती ऐकत गेली.

मग जिराफाच्या कुंपणापाशी थांबली. म्हातारी जिराफीण आहे, सध्या नीट खात नाही. प्राणीडॉक्टर कुंपणाला टेकली आणि उभी राहिली. बस्स, उभी राहिली! मीही राहिले. जिराफीण आमच्याकडे बघतेय, आम्ही तिच्याकडे. तपासणी नाही, सुई नाही, काही नाही. मला कसंसंच व्हायला लागलं. मी विचारलं, वय काय, वजन काय, मान इतकी लांब तर घसा दुखल्यावर औषध कुठे लावता. मी जरा मोठ्यानेच बोलत असेन, कारण जिराफिणीने शांतपणे आमच्याकडे पाठ फिरवली.

प्राणीडॉक्टर हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. खळी पडते.

“मॅडम, त्यांना कुठे दुखतं ते सांगता येत नाही,” ती म्हणाली. “आणि माणसं आली की त्या दुखणं लपवतात. रोज गर्दी येण्याआधी तासभर नुसतं बघायला मिळालं ना, तर अर्धे आजार आधीच कळतील. मला मुलाखतीत तेच मागायचंय. फाटक तासभर उशिरा उघडायचं, आणि तो तास मी आणि सगळ्या कीपरनी मिळून फक्त...”

मी तिला तिथेच थांबवलं. आपण जागा मागायला जातोय, तक्रार करायला नाही. नोकरी द्यायच्या आधीच फाटक बंद करायला निघालेली बाई कोण घेईल? आधी खुर्ची, मग फाटक. “हा मुद्दा निवेदनातून बाद,” मी म्हटलं.

ती थोडा वेळ जिराफिणीच्या शेपटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हा मुद्दा निवेदनातून बाद.”

बिनचूक.

६ मार्च, गुरुवार

काल लुटुपुटीची मुलाखत घेतली. वकीलबाई संचालक झाली, भूलतज्ज्ञ मंडळाची सदस्य. बाकीच्या चौघी प्रेक्षक.

प्राणीडॉक्टर आत आली ती ताठ मानेने. बसली. घसा खाकरला. “सुप्रभात. मुद्दे तीन. पहिला.” काय आवाज! काय वाक्यं! एकेक शब्द कापून ठेवल्यासारखा. मुद्दा संपला की टेबलावर बोट आपटून म्हणायची, “पुढे.” मी तर ऐकतच राहिले. हा आवाज कुठेतरी ऐकलाय असं सारखं वाटत होतं, पण आठवेना. फार चांगला आवाज होता एवढं खरं.

वकीलबाईने रुमालात तोंड खुपसलं आणि खांदे हलायला लागले. बँकवाली पाणी प्यायला म्हणून बाहेर पळाली. उपमुख्याध्यापिका छताकडे बघत होती. परीक्षेच्या वातावरणात असं हसणं मला पसंत नाही, तसं मी बोलून दाखवलं. बोट आपटून.

त्यावर सगळ्याच फुटल्या.

नंतर जिन्यात भूलतज्ज्ञाने माझा हात धरला. “मी इतकी वर्षं भूल दिली,” ती म्हणाली, “पण इतकी गाढ मला कधी जमली नाही.” तिच्याकडून कौतुक म्हणजे मोठीच गोष्ट. मी आभार मानले.

फक्त एक खटकलं. मुलाखत संपल्यावर प्राणीडॉक्टर पुन्हा दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तळहात पुसत राहिली. इतकं छान बोलल्यावर कशाला?

९ मार्च, रविवार

पाव उत्तम! वरून खमंग, आत मऊ, तीळ लावलेला. मी तीन तुकडे खाल्ले. हे म्हणाले, “एखाद्या दुकानात मिळाला तर घेशील?” मी म्हटलं, रांगेत उभी राहून घेईन. तेही कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि कागदाचा फोटो काढून कोणाला तरी पाठवला. भूगोलवाल्यांची काहीतरी पाव-मंडळी असणार.

१३ मार्च, गुरुवार

काल जे झालं ते लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

मुलाखतीआधीचा शेवटचा बुधवार. मी निवेदन पुन्हा एकदा म्हणून घेत होते. दुसऱ्या मुद्द्यानंतर ती अडखळली आणि म्हणाली, “इथे मी फाटकाचं बोलणार आहे.”

मी म्हटलं, “ते आपण बाद केलंय.”

ती गप्प.

“फाटकाचं बोलायचं नाही. परत सांग.”

ती गप्प. खाली सायकलवाल्यानेही काम थांबवलं होतं की काय कोण जाणे. मी पुन्हा म्हटलं, “परत सांग.”

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. अगदी हळू. जिराफिणीशी बोलते तशी. “हे मी परत म्हणणार नाही.”

“पण तू तर कबूल केलं होतंस. सगळ्याला हो म्हणालीस.”

“हो कुठे म्हणाले? तुम्ही सांगितलंत ते परत म्हटलं. तुमचं मला कळलं, एवढंच त्यातून कळतं ना? पटलं असं मी कधी म्हटलंच नाही.”

“अर्जाचं? अर्ज करायचा म्हणाली होतीस!”

“अर्ज मी जानेवारीतच केला होता, मॅडम. तेच सांगायला तोंड उघडत होते तोवर तुम्ही ठरवून मोकळ्या झालात.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतके बुधवार मी हिच्यासाठी घसा कोरडा केला! मी पर्स उचलली आणि निघाले. जिन्यात असताना वरून वकीलबाईचा आवाज आला, “डॉक्टर, आता जसं बोललात ना, अगदी तसं बोला.” माझी मैत्रीण आणि तिची बाजू घेते. हिला म्हणतात वकील.

१४ मार्च, शुक्रवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. मला राग आलेला नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी भूलतज्ज्ञाचा फोन. ती कधी आपणहून फोन करत नाही. हवापाण्याचं बोलली, माझ्या गुडघ्याचं विचारलं, मग म्हणाली, “अगं, एक शंका होती. वैमानिकाला तुझी सूचना पाळता येण्यासारखी नसली तर तो काय करायचा?”

“अनेबल म्हणायचा. म्हणजे जमणार नाही.”

“असं म्हणू देत?”

“देत म्हणजे? त्याचा हक्कच आहे तो. समोर ढग कसला आहे ते त्याला खिडकीतून दिसतं, मला खालून दिसत नाही. विमान त्याच्या हातात असतं.”

“मग तू काय करायचीस? पर्स उचलून घरी जायचीस?”

मी फोन ठेवला. मग तिला पुन्हा लावला आणि म्हटलं, लाइन कट झाली होती. ती म्हणाली, “हो, झाली असेल.”

दुपारभर घरात फेऱ्या मारल्या. रीडबॅक मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अनेबल शिकवायचं राहूनच गेलं. टॉवरमध्ये नवीन मुलगा आला की मी दोन्ही एकाच दिवशी शिकवायचे, तरी कसं राहिलं? वेळ कमी होता, हे त्याचं कारण. ह्यांना विचारलं, “मी फार बोलते का?” हे पीठ मळत होते. हात थांबले नाहीत, पण उत्तरही आलं नाही. मी वाट पाहिली. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी म्हणाले, “आत्ता नाही बोलत आहेस.” आणि माझ्या नाकाला पीठ लावलं. या वयात!

१७ मार्च, सोमवार

सकाळी उठून प्राणिसंग्रहालयात गेले. तिकीट काढून, पुढच्या दाराने. उघडल्या उघडल्याच गर्दी. शाळेची एक सहल, बाबागाड्या, फुगे. जिराफीण कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी होती. मीही उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण जीभ इतकी वळवळत होती की शेवटी दातांत धरली.

पोरं पुढे गेली. मग जिराफीण हळूच वळली, दोन पावलं टाकली आणि एक पाय पटकन उचलून पुन्हा ठेवला. मागचा डावा. मी पाहिलं! मी, जिला आजवर फक्त धावपट्टीवरचं दिसायचं!

प्राणीडॉक्टर कधी शेजारी येऊन उभी राहिली कळलं नाही. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिला वाटलं असणार मी बोलेन. दोघी कुंपणाला टेकून गप्प. बुधवारी जे झालं ते आमच्या मध्येच उभं होतं, पण आता एवढं टोचत नव्हतं.

शेवटी मी विचारलं, “तुला काय दिसतंय?”

प्रश्न विचारून थांबले. उत्तर यायला लागला तेवढा वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही, देवाशपथ बोलले नाही.

मग ती बोलली. त्या पायाचं बोलली. तो पहिल्यांदा तिने कसा टिपला, आणि तेव्हा फाटक उशिरा उघडत असतं तर महिनाभर आधी कसा टिपता आला असता. मागच्या वर्षी गेलेल्या एका हरणाचं बोलली. “मला ती जागा हवी आहे, मॅडम. खूप हवी आहे. पण ह्या तासासाठी हवी आहे. तो मागितला नाही तर मी त्या खुर्चीत बसून करू काय?”

तिने सगळे बंदी घातलेले शब्द वापरले. मला वाटतं, बहुतेक, जरा. मला एकही खटकला नाही. मी नुसती मान हलवली.

“आणि ते नाहीच म्हणाले तर?” मी नंतर विचारलं.

“तर काय म्हणायचं?”

“विमानवाले म्हणतात, जमणार नाही,” मी म्हटलं. “तो त्यांचा हक्क असतो. हे मी आधी सांगायला हवं होतं.”

१९ मार्च, बुधवार

मुलाखत अकराची. आम्ही तिघी दहालाच तिकीटखिडकीसमोरच्या बाकावर. कोणी कोणाला काही सूचना द्यायची नाही असं वकीलबाईने दरडावून सांगितलं. “आत कळवा, साक्षीदार हजर आहेत,” असं ती तिकीटवाल्याला सांगत होती. तिला गप्प बसवायला भूलतज्ज्ञाने तिच्या हातात शेंगदाणे दिले.

साडेबाराला ती आली. पायांत रबरी बूट! वरून सुरेख पोशाख आणि खाली बूट. म्हणाली, आत बोलावलं तेव्हा जिराफिणीजवळ होते, बदलायला वेळच नव्हता. मी बूट ह्या विषयावर बोलले नाही.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. संचालकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आल्या आल्या काय कराल?” ती लगेच बोललीच नाही. त्यांच्याकडे बघत राहिली. संचालक खुर्चीत एकदा इकडे झाले, एकदा तिकडे. चष्मा काढला, घातला. तिला दिसलं की हा माणूस कशाला तरी घाबरलाय. ती आणखी थोडं थांबली. मग ते आपणहूनच बोलू लागले: फाटकावर लोक ओरडतात, उशीर झाला की तक्रारी येतात, वरून विचारणा होते. सगळं सांगून मोकळे झाले. तिने ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, “तक्रारी येऊ नयेत म्हणूनच मला एक तास हवा आहे.” आजारी जनावर लोकांना न दाखवता आत ठेवावं लागलं की लोक जास्त ओरडतात, हे तिने त्यांना एक एक उदाहरण देऊन समजावलं. हळू आवाजात. एकाला ऐकू येईना म्हणून सगळे पुढे वाकून बसले.

“आणि आम्हाला हे मान्य नसेल तर?” त्यांनी विचारलं.

“तर ही जागा मला जमणार नाही,” ती म्हणाली. “दुय्यम म्हणून मी आहेच. जनावरं कुठेही जात नाहीत, मीही जात नाही.”

वकीलबाईने तिला उरलेले शेंगदाणे दिले. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली. गवताचा वास.

२६ मार्च, बुधवार

मिळाली! जागा मिळाली! फाटक तासभर उशिरा, फक्त रविवार सोडून. रविवारी ती आणि कीपर तासभर लवकर येणार, तेही कीपरनी आपणहून सुचवलं. ही बातमी तिने बैठकीत सांगितली तेव्हा उपमुख्याध्यापिकेने टेबल बडवलं आणि खालचा सायकलवाला धावत वर आला, काय पडलं म्हणून. त्यालाही पेढ्याऐवजी पावाचा तुकडा दिला. ह्यांनी सकाळीच दोन पाव बांधून दिले होते. सगळ्यांनी दुकानाचा पत्ता विचारला.

माझ्या मनात येऊन गेलंच की हे सगळं शेवटी माझ्या रीडबॅकमुळे झालं. रीडबॅक नसतं तर ती नाही कशाला म्हणाली असती? भूलतज्ज्ञाला तसं म्हटलं. ती म्हणाली, “अगदी बरोबर.” फार समजूतदार बाई आहे.

निघताना प्राणीडॉक्टरने मला जिन्यात गाठलं. पहिल्यांदाच ताई म्हणाली. “ताई, पुढच्या बुधवारी चार जणी नवीन येतायत. मीही एक घेणार आहे. जी दाराजवळ बसेल ती तुम्ही घ्या. पण पहिली बैठक फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.”

सांगून थांबली. वाट बघत. खळी पडलेली.

“दाराजवळची मी घ्यायची,” मी म्हटलं. “पहिली बैठक फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.”

“बिनचूक,” ती म्हणाली आणि बूट वाजवत खाली गेली.

३० मार्च, रविवार

संध्याकाळी लेकीला मीच फोन केला. “कशी आहेस?” विचारलं आणि थांबले.

“ठीक.”

मी थांबले. हे समोर उभे होते, हातातला टॉवेल तसाच.

“आई? लाइन आहे ना?”

“आहे.”

“मग बोल ना काहीतरी. शुक्रवारचं वगैरे.”

“काही नाही. तू बोल.”

किती वेळ गेला मोजला नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम बांध फुटावा तसं सगळं आलं. साहेबांकडे ती कधी गेलीच नव्हती. नोकरी तिने सोडली आहे. पावाचं दुकान काढतेय, जागा पाहून झाली, भट्टी ठरली, आणि बाबा गेला दीड महिना तिचे प्रयोग करून बघतायत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी टॉवेल तोंडावर घेतला.

माझ्या डोक्यात एकाच वेळी सतरा सूचना उतरायला आल्या. सगळ्यांना वरच फिरत ठेवलं.

“पुढच्या महिन्यात दुकान उघडतेय,” ती म्हणाली. “तू पहिल्या दिवशी यायचं. पण गल्ल्यामागे उभं राहायचं नाही, गिऱ्हाइकांना रांगेत लावायचं नाही. गिऱ्हाईक म्हणून यायचं, पाव घ्यायचा आणि खायचा.”

“पहिल्या दिवशी यायचं,” मी म्हटलं. “गल्ल्यामागे नाही. रांग लावायची नाही. पाव घ्यायचा आणि खायचा.”

तिने हळूच विचारलं, “आई, पटलं तुला?”

“नाही,” मी म्हटलं. “कळलं.”

आधी ती हसली की रडली ते नीट समजलं नाही. मग दोन्ही करू लागली, आणि मीही.